वन्संचा चिनी काढा

शुभाताई गेल्या तेव्हा मी संगमनेरला भाचीच्या साखरपुड्याला होते. ऐन पंगतीत ह्यांचा फोन आला, "ताई गेली गं..." आणि मला आधी आठवला तो एक वास. ओव्याचा म्हणावा तर ओव्याचा नाही, ओल्या मुळांचा म्हणावा तर तसाही नाही. माणूस गेल्यावर त्याचा चेहरा डोळ्यांपुढे यावा. मला हा वास का यावा, कळेना.

त्या माझ्या थोरल्या नणंद. लग्नानंतर दाजींच्या नोकरीपायी सिंगापूरला गेल्या आणि निवृत्तीनंतर सावेडीत फ्लॅट घेऊन राहिल्या. मोजकं बोलायच्या. मूलबाळ नव्हतं, आणि त्याविषयी आमच्या घरात कुणी अवाक्षर काढत नसे.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणात मी दवाखान्यातून घोडेगावला, सासरी आले. मुलगी अंगावर प्यायला लागली की पोटात अशा कळा उठत, की मी पदर दातांत धरायचे. "दुसऱ्या खेपंला लई येत्यात. सोसायच्या," म्हणत सासूबाई खाटेखाली शेगडी सरकवायच्या. त्याच सुमारास वन्सं सुट्टीवर आल्या होत्या. त्यांनी बॅगेतून चिनी अक्षरांची पुडी काढली. आत वाळक्या मुळांच्या चकत्या. तिकडच्या चिनी बायका बाळंतिणीला कळांवर हाच काढा देतात, म्हणाल्या, आणि आलं ठेचून काढा उकळायला ठेवला. तोच तो वास.

सासूबाई कडाडल्या, "कसला पाला त्यो! माज्या सुनंला न्हाई द्यायचा."

"आई, गुण येतो त्यानं."

"तुला काय ठावं? तू कदी बाळंतीन हुतीस?"

वन्संचा हात पातेल्यावरच थांबला. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "होते. एकदा. बाळ राहिलं नाही... तेव्हा शेजारच्या चिनी आजीनं मला हाच पाजला होता. तुम्हाला कळवलं नाही."

 सासूबाईंनी माझ्या शेजारी गोधडी अंथरली, लेकीला हाताला धरून निजवलं आणि फडकं तापवून तिचं पोट शेकायला घेतलं. इतक्या वर्षांनी! वन्सं आधी नको नको म्हणाल्या, मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते... काढा मी मुकाट्यानं प्याले.

कळा थांबल्या. पुढं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या आपोआपच थांबतात. न विचारता असलं काही घेतलं म्हणून रागावल्याही. तेव्हा काढ्यानं गुण आला की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

पण खरा गोंधळ वन्संच्या तेराव्यानंतर झाला. दाजी एकटेच बसले होते. मी हलकेच विचारलं, "दाजी, तुमचं बाळ... मुलगा होता की मुलगी?"

"कुठलं बाळ?"

मी सगळं सांगितलं.  "हिला कधी दिवसच राहिले नाहीत गं. शेजारची सून बाळंत झाली होती, तिला देताना हिनं पाहिला असेल काढा." एवढं बोलून ते उठले आणि गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले.

म्हणजे मला काढा मिळावा म्हणून वन्सं आईशी खोटं बोलल्या? की दाजींनाच ते दुःख ओठांवर आणवत नव्हतं? आणि बाळ नव्हतंच, तर त्या रडल्या कशासाठी? नसलेल्या लेकरासाठीही बाई रडू शकते का? विचारायचं तरी आता कुणाला...

परवा घोडेगावला गेले. काढ्याच्या त्या दिवसापासून सासूबाई दर हिवाळ्यात लेकीसाठी डिंकाचे लाडू करायच्या. "कच्चं अंग ऱ्हायलंय तिचं," म्हणायच्या. यंदाही डबा भरून ठेवलेला होता. तो माझ्या हातात देत म्हणाल्या, "आता तू खा. ती काय येत न्हाई." मग मधेच थांबून, माझं मनगट धरून, "भेटली आसंल न्हाई का गं तिच्या लेकराला?"

 त्यांचा हात माझ्या मनगटावर तसाच होता.

"भेटल्या असतील," मी म्हणाले.