पिस्टनवरचा बाण

टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला जुना पिस्टन हातात घेतला, की अजून रॉकेलचा वास येतो. तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. उचगावातून आणलेल्या सेकंडहँड मोटरसायकलचं इंजिन मी घरीच खोललं. झिजलेला सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून रुंद करून आणला, त्यात बसेल असा मोठा पिस्टन घेतला. भाकरीच्या परातीत रॉकेलनं पार्ट धुता धुता बायको म्हणाली, "अवो, डब्यावरच्या चित्रात पिस्टनवरचा ह्यो बाण सायलेन्सरकडं हाय की."

"मला शिकवतीस व्हय?" मी खेकसलो आणि पिस्टन उलटाच बसवला.

कळंब्याच्या रस्त्यावर इंजिन जाम झालं. गाडी ढकलत घरी आणली. खराब झालेला पिस्टन मात्र तिनं टाकू दिला नाही. आजही मी कुणावर खेकसलो, की ती गुपचूप येते आणि त्याचा बाण माझ्याकडं फिरवून जाते.