खालच्या वहिनींचा फोन

आमचा लँडलाइन शेवटची काही वर्षं आमच्यासाठी वाजलाच नाही. तो वाजायचा खालच्या वहिनींसाठी. पुंडलिकनगरातल्या आमच्या घरात त्या खाली भाड्यानं राहतात, मूळच्या वैजापूरच्या. मोबाईल त्यांना नको होता. म्हणून त्यांचा पुण्याचा मुलगा रोज दिवेलागणीला आमच्याकडं फोन करायचा आणि मी जिन्यातून हाक मारायची.

त्या वर येईपर्यंत तो माझ्याशी बोलायचा. "काकू, गुडघा कसाय? तेल लावता ना?" मग वहिनी रिसीव्हर घ्यायच्या आणि माझ्याच सोफ्यावर बसून खिदळत बोलत राहायच्या. मी आत भांडी आपटायची. माझा मुलगा बंगळुरूला. त्याचा मेसेज येतो, त्यातही बहुतेक वेळा नुसता अंगठा. वहिनींचा मला इतका हेवा वाटायचा की पोटात दुखायचं.

दिवाळीत माझा मुलगा आला तेव्हा त्यानंच काढलं, "आई, लँडलाइन आता कोण वापरतं? नुसतं ब्रॉडबँड ठेवू." वहिनींचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. बसा आता वहिनी, मनात म्हटलं. फोन गेला, त्या जागी इंटरनेटचा डबा आला.

आठवड्याभरात वहिनींच्या मुलानं त्यांना मोबाईल धाडला. त्या अंगणात खुर्ची टाकून बोलू लागल्या आणि माझ्या गुडघ्याचं विचारणारं कुणी उरलं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, तेही दिवे लुकलुकणारं. गॅलरीत उभी राहून मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या मोडायची, पुन्हा घालायची आणि खालचं ऐकायची.

एका संध्याकाळी त्यांनीच खालून हाक मारली. "ताई, जरा खाली येता का? तुमचा फोन हाय. लई दिवसांपासून म्हणायलाय, काकूला दे म्हणून."

जिना कसा उतरले, कळलं नाही. "काकू, गुडघा कसाय?" तोच आवाज. वहिनी शेजारी उभ्या होत्या, पदराला हात पुसत, आपला फोन परत मिळायची वाट बघत. तोंडावर हसू होतं, पण त्यामागचा चेहरा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. इतकी वर्षं स्वयंपाकघरात तो मीच घेऊन उभी असायची.

मी त्यांच्या खुर्चीत बसले. उजव्या गुडघ्याचं सगळं सांगून झालं, मग डाव्याचं काढलं.