नाव न घेता शोधलेला फोटो

आमच्या ह्यांचा भोरला फोटो स्टुडिओ होता, एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. साठ-सत्तरच्या सुमाराचे दिवस. ह्यांना फोटोंपेक्षा अभिमान होता तो भिंतीवरच्या लाकडी खणांचा. एकेका अक्षराला एकेक खण, आणि गिऱ्हाइकाच्या नावाचं पहिलं अक्षर असेल त्या खणात त्याची निगेटिव्ह. आडनावाचा उपयोग नाही, कारण वेल्ह्याकडच्या कितीतरी गावांत निम्म्या गावाचं आडनाव एकच. "नाव सांगा, चहा ओतेपर्यंत निगेटिव्ह हातात!" असं हे कुणालाही ऐकवत. चहा अर्थातच मी ओतायची.

एका सकाळी वेल्ह्याकडून एक बाई आली. तिचे सासरे वारले होते. परवा तेरावा, आणि घरातला त्यांचा एकुलता एक फोटो छपराच्या गळतीत भिजून पार लगदा झालेला. पुरुषमाणसं क्रियाकर्मात अडकलेली, म्हणून हिला धाडलं होतं. आमच्याकडे निगेटिव्ह मिळाली नाही, तर म्हातारबाबांचं तोंड पुन्हा कुणाला दिसणार नव्हतं.

"नाव?" ह्यांनी विचारलं.

बाईनं जीभ चावली. "सासऱ्याचं नाव कसं घिऊ?"

"अहो, मग खण कसा सापडणार?"

"शेवटाला जी हाये बगा."

"तालुक्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या शेवटाला जी आहे! पहिलं अक्षर सांगा."

"अक्षरं मला कुठली यायला?"

मला हसू आवरेना. मी तरी ह्यांचं नाव कुठं घेत होते म्हणा! पण एवढी देखणी व्यवस्था, आणि शेपटाकडून हात घातला तर तिच्यातून काही म्हणजे काही निघत नव्हतं. शेवटी ह्यांनीच जी-वाली नावं एकामागून एक म्हणायची आणि तिनं मान हलवायची, असं ठरलं. ह्यांचा भटजींसारखा सूर लागला. एका नावाला मान हलली. हे छाती काढून खणाकडे गेले, आणि खणात ते नाव नव्हतंच.

ह्यांचा चेहरा फोटो काढण्यासारखा झाला, पण काढणार कोण?

"आता सगळे खण उपसा," मी म्हटलं. निगेटिव्ह पाकिटांतून काढून मी एकेक खिडकीच्या उजेडाला धरू लागले. "चेहरा ओळखशील ना गं?"

ती हळूच म्हणाली, "वर मान करून त्येंच्याकडं कंदी बगितलंच न्हाई. पाय वळकते. सणासुदीला पाया पडायचे न्हवं. डाव्या पायाचा आंगठा भाईर वळल्याला हाये."

नव्या जाजमाच्या काळजीनं हे प्रत्येकाला वहाणा बाहेर काढायला लावत, आणि त्यावरून मी ह्यांना सारखी टोचायची. त्या दिवशी तीच शिस्त कामाला आली. आमच्या स्टुडिओतले झाडून सगळे म्हातारे खुर्चीत अनवाणी. बाईनं एकाच्याही तोंडाकडं पाहिलं नाही. निगेटिव्हच्या खालच्या कडेवर तिची नजर भराभर फिरत होती. अखेर ती म्हणाली, "ह्ये. ह्येच पाय."

पाकिटावर ह्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'आबा'. फोटोच्या वेळी म्हातारबाबांबरोबर आलेल्या मुलानं "आबांचा फोटो काढायचाय" म्हटलं असणार, आणि ह्यांनी तो आ-च्या खणात टाकून दिला होता. मी ह्यांच्याकडं नुसती पाहत राहिले, तेवढं पुरलं.

फोटो उमटताना बघायला मी तिला अंधाऱ्या खोलीत नेलं. तांबड्या दिव्याखाली, औषधाच्या पाण्यातल्या कागदावर आधी फेटा आला, मग मिशा, मग सगळा चेहरा. बाई वाकून बघत राहिली. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला तरी तिला भान नव्हतं. म्हातारबाबा चक्क हसत होते, अगदी गालाला खळी पडेपर्यंत.

"हासत्यात व्हय मामंजी!" ती म्हणाली. "आन म्या इतकी वर्सं त्येंच्या भ्यानं घरात पाऊल वाजवलं न्हाई."