कान पोरीचा, घाई माझी

औषध न देण्याबद्दल प्रसिद्ध असलेला डॉक्टर अख्ख्या जळगावात एकच, आणि तो नेमका आमच्या गल्लीत, हे माझं नशीब! सगळे त्यांना नाना म्हणत. सर्दीला ते गरम पाणी सांगत, पोट बिघडलं तर साळीच्या लाह्या, आणि कान दुखणाऱ्या पोराच्या बापाला, ‘दोन दिवस थांब.’ मी पडलो शाळामास्तर. दवाखान्यातून बाटलीशिवाय परतणं मला लग्नाला जाऊन उपाशी आल्यासारखं वाटे.

माझी सुमी चार वर्षांची असताना तिचा कान ठणकायला लागला. नानांनी बॅटरी मारून कान पाहिला, दुखणं कमी करायचं औषध दिलं. ‘अँटिबायोटिक?’ मी मास्तरी आवाजात विचारलं. ‘भो, कान पोरना शे, घाई मातर तुन्ही शे,’ नाना म्हणाले, ‘बरेचसे कान आपले आपण बरे होतात. ताप वाढला, कान वाहिला, तर लगेच ये.’ मी मान डोलावली आणि तडक मेडिकलातून अँटिबायोटिकची बाटली आणून रव्याच्या डब्यामागे दडवली. ती उघडायचा धीर होईपर्यंत, दुसऱ्या दिवशी, सुमी अंगणात नाचायला लागली! संध्याकाळी नाना सायकलवरून आले, तिच्या पाठीमागे उभे राहून कुजबुजले, ‘सुमे, केळं खाशील?’ ती गर्रकन वळली. ही त्यांची कानाची परीक्षा.

झालं, मी नानांचा भक्त झालो. शाळेत थांबण्यावर प्रवचनं झोडू लागलो. पुढच्या वर्षी सुमीला सणकून ताप आला, कानातून पू आला, तरी हा शहाणा थांबलेलाच! तिसऱ्या दिवशी बायकोनंच पोरीला उचलून नेलं. नानांनी कान पाहिला आणि लगेच अँटिबायोटिक लिहिलं.

‘पण नाना, थांबायचं ना?’

‘गाढवा, थांबायचं म्हणजे बघत थांबायचं!’

बायकोसमोर गाढव म्हणाले, पण रागवायला तोंड कुठं होतं? ताप उतरला, तरी सुमीला त्या कानानं नीट ऐकू येईना. नाना रोज संध्याकाळी येत, तिचा चांगला कान बोटानं दाबून मागून कुजबुजत. ती वळायची नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. पंधराएक दिवसांनी ती वळली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडलो.

परवा सुमी माहेरी आली, तेव्हा आम्ही नानांकडे गेलो. फार थकलेत आता. खिडकीशी बसले होते. सुमी हळूच त्यांच्या मागे गेली आणि कुजबुजली, ‘नाना, केळं खाणार?’

ते वळले नाहीत. तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मग समोर गेली, केळं सोललं आणि त्यांच्या हातात दिलं. मी दारातच बघत थांबलो.