वैदेहीची बर्फाची पेटी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही — नवऱ्याजवळ नाही, देवासमोरही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही वैदेहीला ओळखत नाही.

वैदेही आमच्या सरकारी प्रयोगशाळेत माझ्यानंतर तीन वर्षांनी लागली. मूळची नागपूरची. मी दिल्लीत वाढलेली, माझं मराठी अडखळतं. ती बोलायला लागली की गणपतीत बायका माझ्याकडे पाठ करून तिचं ऐकायच्या. आम्ही मयूर विहारच्या जुन्या सोसायटीत तीन जिने चढायचो, तिने गाझियाबादला लिफ्टवाला नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला माझा नवरा खोलीखोलीत "वा" म्हणत फिरला. माझा नुसता जळफळाट. ती मला ताई म्हणायची, त्याचाही राग यायचा — ताई म्हटल्याचा कुणाला राग येतो का?

त्या हिवाळ्यात बर्ड फ्लूची धास्ती होती. पक्ष्याकडून एखाद्या माणसाला लागण होते, ती वाईटच. पण त्या माणसाकडून घरच्यांना व्हायला लागली, तर थांबवायची कशी? म्हणून वैदेही मंडीत कोंबड्या कापणाऱ्यांची चौकशी करत फिरायची. एका शुक्रवारी तिला जगदीश सापडला — अंगात ताप, धाप लागलेली, दुकानातल्या कोंबड्या आठवडाभर मरत होत्या. त्याच्या घशाचा स्वॅब घेऊन तिने बर्फाच्या पेटीतून आमच्याकडे पाठवला. तिचा फोन आला तसे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "वैदेही न होती तो यह केस हाथ से निकल जाता." मी तिथेच उभी होते. आलेले नमुने नोंदवून फ्रिजमध्ये ठेवायचं काम माझं — त्याला कधी कुणी वाहवा दिली?

पेटी आली तेव्हा सगळे निघाले होते. तपासणी सोमवारी होती. मी पेटी फ्रिजमध्ये ठेवली नाही. विसरले, असं म्हणावंसं वाटतं — पण विसरले नव्हते. टेबलावरच ठेवली, स्वतःभोवती शाल गुंडाळली आणि बस पकडली. चौकीदाराला फोन करता आला असता ना? आला असता. रविवारी दुपारी मी मटार सोलत होते, आणि पेटीत पाणी झालं असेल हे मला ठाऊक होतं.

सोमवारी सगळ्यांच्या आधी पोचले आणि रजिस्टरमध्ये शुक्रवारच्या रकान्यात लिहिलं — पेटी आली तेव्हा बर्फ वितळलेला. नमुना बाद झाला. दोष पाठवणारीचा.

वैदेहीने वादही घातला नाही. "घाईत बर्फ कमी घातला असेन मी, ताई," एवढंच म्हणाली. साहेबांनी तिला मंडीच्या कामावरून काढलं आणि दुसरा स्वॅब घ्यायला मला पाठवलं. खरं सांगू? जीपमध्ये बसताना मला आनंद झाला होता.

जगदीशच्या खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "बच्ची को भी बुखार चढ़ गया था जी, कल गाँव ले गए." कुठलं गाव, तिला माहीत नव्हतं. बापाचा ताप मुलीला — आम्ही ज्याला घाबरत होतो, ते हेच होतं का? की साधा सर्दीताप? ते सांगू शकणारी एकच कुपी होती, आणि ती मी नासवली होती. परत येऊन मी "घर बंद" एवढंच लिहिलं. मुलीचा ताप सांगितला असता, तर पहिल्या नमुन्याची चौकशी निघाली असती. पुढे त्यांचं काहीच कळलं नाही. मुलगी बरी झाली असेल — असेल ना? मला माहीत नाही.

मागच्या महिन्यात वैदेही निवृत्त झाली. निरोपाच्या भाषणात तिने नव्या मुलांना सांगितलं, माझ्या निष्काळजीपणाने एक पेशंट हातचा गेला, तुम्ही बर्फ दोनदा बघत जा. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली.

बर्फ शाबूत होता. शुक्रवारी झाकण उघडून मी बोटांनी चाचपून पाहिला होता. तिने पेटी काठोकाठ भरली होती.