हुंकाराची जागा

मी फाईली लहान करते, आणि ते काम मला चांगलं येतं. जयपूरच्या आमच्या कंपनीत शिकवणीचे धडे रेकॉर्ड होतात. स्टुडिओतून ते माझ्याकडे येतात तेव्हा एकेक फाईल म्हशीएवढी असते, कारण कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये सगळंच साठलेलं असतं: सरांचा आवाज, खुर्चीची कुरकुर, बाहेरचा हॉर्न. शहराबाहेर, चौमूं गावाच्या पुढच्या एखाद्या खेड्यातल्या मुलीच्या साध्या फोनवर ती उतरवायची तर तिचा एमपीथ्री करावा लागतो. कानाला जे तसंही कळणार नाही ते टाकायचं, बाकीचं ठेवायचं. मेथी निवडतो तसं. माझं निवडलेलं ऐकून ‘यातलं काय गेलं’ ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, थोडी फुशारकी आहेच.

त्यातही नुसतं बोलणं लहान करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. म्हणून वडिलांच्या गोष्टींचं काम मी चहा उकळेपर्यंत उरकून टाकीन अशी माझी खात्री होती.

माझे आईवडील मिरजेला असतात. वडिलांचे कान गेल्या दोन-तीन वर्षांत गेले. यंत्र लावून समोरच्याचं थोडंफार कळतं, फोनवर मात्र नुसती शिट्टी वाजते. माझी मुलगी सात वर्षांची, जन्मापासून जयपूरची. तिचं मराठी अडखळत चालतं आणि अडलं की हिंदीत शिरतं. या दोघांमध्ये धागा एकच होता, तो गोष्टींचा. मे महिन्यात आम्ही मिरजेला गेलो की वडील गोष्ट सांगायचे आणि तिने हुंकार द्यायचा. एक वाक्य झालं की ते थांबणार, तिने ‘हं’ म्हटलं की पुढे जाणार. हं नाही तर गोष्ट नाही, असा कायदाच होता. ‘हं’ म्हणता म्हणता ती प्रश्न विचारायची, वडील उत्तर द्यायचे, आणि तिला जे काही मराठी येतं ते तिथेच आलं.

कान गेल्यावर फोनवरचं सगळं बिघडलं. वडील व्हिडिओ कॉलवर ओरडायचे, ‘‘काय? काय म्हणतीस?’’ आणि मुलगी दचकून म्हणायची, ‘‘आजोबा गुस्सा झाले.’’ पुढे पुढे तर मिरजेचा फोन आला की ती बाथरूममध्ये जाऊन बसायला लागली. मला मनापासून भीती वाटली. असंच चाललं असतं तर ही दोघं एकमेकांना फोटोपुरती उरली असती.

हातावर हात ठेवून बसणं माझ्या स्वभावात नाही. पुढच्या खेपेला मी वडिलांना एक छोटा रेकॉर्डर नेऊन दिला. म्हटलं, ‘‘बाबा, लाल बटण दाबा आणि गोष्ट सांगा. बाकी काही करू नका.’’ दर्जा मुद्दाम सगळ्यात वरचा लावून ठेवला. घेताना कंजूषपणा करायचा नाही, लहान मागाहून मी करणारच होते. काही आठवड्यांनी औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला चिकटवलेलं मेमरी कार्ड कुरिअरने आलं. वडिलांनी गोष्टींचा सपाटाच लावला होता.

मी त्या सगळ्या फाईली ऑफिसातल्या नेहमीच्या पद्धतीने काढल्या. त्या पद्धतीत मधली शांतताही आपोआप कापली जाते. सर फळ्यावर लिहीत असतात तेव्हाची शांतता ऐकून कोण शहाणा झालाय? फाईली एकदम सुटसुटीत झाल्या. वडिलांचा आवाज खणखणीत, एक अक्षर गेलेलं नाही. मुलीच्या टॅबवर टाकल्या आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मुलीने दोन गोष्टी ऐकल्या आणि टॅब बाजूला ठेवला. विचारलं तर म्हणे, ‘‘बोअर आहे.’’ मी कार्टूनला दोष दिला, शाळेतल्या हिंदीला दिला, नवऱ्यालाही थोडा दिला.

जयपूरच्या राजा पार्क भागात आम्ही ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो त्या आंटी मूळच्या आमेरच्या. शाळा सुटल्यावर मुलगी त्यांच्याकडे असते. एका संध्याकाळी मी तिला आणायला गेले, तर आंटींनी तिच्या टॅबवर वडिलांची गोष्ट लावली होती. मराठी त्यांना ओ की ठो कळत नाही, तरी मान वाकडी करून ऐकत होत्या.

‘‘ये तो बोलते ही चले जा रहे हैं,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘हमारे यहाँ तो कहते हैं, फौज में नगारो, बात में हुंकारो. यहाँ हुंकारा कौन देगा, और कब?’’

फौजेला जसा नगारा तसा गोष्टीला हुंकार. मुलीला तेवढा आधार पुरला.

‘‘हां ना मम्मा! आजोबा थांबतच नाहीत. मी हं बोलते तोपर्यंत ते पुढे निघून जातात. मला सोडून.’’

शेवटचे दोन शब्द मला लागले. ती कंटाळली नव्हती, रुसली होती.

मूळ फाईल कधी पुसायची नाही, हा माझा नियम. वर जाऊन मूळ उघडली. स्क्रीनवर आवाज डोंगरासारखा दिसतो आणि शांतता सपाट. प्रत्येक वाक्यानंतर सपाट जागा होती. ‘एक होता भोपळा.’ सपाट. ‘त्याला सतार व्हायचं नव्हतं.’ इथे बरंच लांब सपाट, कारण ‘व्हायचं नव्हतं मतलब?’ असं ती विचारणार हे वडिलांना ठाऊक होतं. ज्यांना काही ऐकू येत नाही ते एका यंत्रासमोर बसून माझ्या मुलीच्या ‘हं’साठी थांबले होते, आणि नेमकं तेच मी कापलं होतं. मला रडू आलं.

मग आवाज अगदी मोठा केला. त्या सपाट जागेत लांबून कुणीतरी म्हणत होतं, ‘‘हं.’’ दर वाक्याला. आई होती ती. ‘तुमच्या गोष्टी मला पाठ आहेत, आता पुरे’ असं गेली कित्येक वर्षं म्हणणारी आई.

मी लगेच फोन केला. आई म्हणाली, ‘‘काय करणार? माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. मान हलवल्याशिवाय पुढं जाईनात. मी शेंगा सोलत होते, म्हटलं, हं तर हं.’’

मी सगळ्या गोष्टी पुन्हा काढल्या. शांतता ठेवली, आईचा ‘हं’ही पुसला जाऊ नये म्हणून दर्जा चढा ठेवला. फाईली फुगल्या, फुगू देत. मुलगी दिवाणावर मांडी घालून बसली आणि भोपळ्याला ‘हं’ देऊ लागली, मान हलवून, दर वाक्याला.

वडिलांना हे दिसायला हवं म्हणून मी तिचा व्हिडिओ घेतला. मिरजेला नेट यथातथाच, तेव्हा चांगला आवळून पाठवला. आवाज तर काढूनच टाकला. वडिलांना त्याचा काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. ‘‘अगं, ते मोबाईलसमोर बसून गोष्ट सांगायलेत. तिची मान हलली की पुढं जातात. सकाळपासनं तिसऱ्यांदा चाललंय.’’

मी खूश होऊन मुलीला हाक मारणार, तेवढ्यात आई म्हणाली, ‘‘पण त्यातला आवाज कुठं गेला?’’

‘‘मीच काढला. बाबांना कुठे ऐकू येतं?’’



‘‘मला येतंय की,’’ ती म्हणाली.