चिंचेला हात लावून

सोनपेठ तालुक्यातल्या त्या गावात पाण्याचं काही विचारायचं तर चंद्रभानला विचारायचं, आणि न विचारलं तरी तो सांगायचाच. तीस वर्षं कालव्यावर पाटकरी म्हणून काढलेली. कुणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं, कधी तोडायचं, हे ठरवण्यात जन्म गेला. नोकरी संपली तरी हुकूम सोडायची सवय काही सुटली नव्हती.

गावाजवळचा ओढा थोरल्या चिंचेला लांबून वळसा घालून जायचा आणि पावसाळ्यात शाळेच्या वाटेवर चढायचा. चार वर्षांमागं चंद्रभाननं जेसीबीवाल्याला चुन्याची रेघ मारून दिली आणि ओढा चिंचेला लागून सरळ करून घेतला. वाट कोरडी झाली. जुन्या वळणाच्या गाळात त्याच्या बायकोची, नर्मदाबाईची वांगी अशी लगडली की अख्खी आळी खाऊन कंटाळली. चंद्रभानचा भाव आणखी वधारला.

पण वळणावर रेंगाळणारं पाणी आता थेट धावू लागलं आणि दर पावसाळ्यात चिंचेखालचा काठ खात गेलं. यंदा दिवाळीनंतर बघितलं तर निम्मी मुळं उघडी पडून लोंबत होती. लोक म्हणाले, झाड म्हातारं झालं. सरपंच पंडितरावांनी ते तोडायचं ठरवायला गाव गोळा केलं. चंद्रभानला कुणी बोल लावला नाही आणि त्याचीच त्याला लाज वाटत राहिली. दोन दिवस घास गोड लागेना.

गावाची रीत अशी, की चूक कबूल करायची ती चिंचेला हात लावून. पाणी चोरणाऱ्या कित्येकांना चंद्रभाननंच तिथं उभं केलेलं. स्वतः मात्र कधी उभा राहिला नव्हता.

मंडळी खोडापाशी जमली. चंद्रभान धोतर खोचून ओढ्यात उतरला आणि एक लोंबतं मूळ त्यानं मुठीत धरलं.

"झाड म्हातारं न्हाई झालं. माझी रेघ चुकली," तो म्हणाला. "वढा होता तसा वाकडा करा. वाटंवर मुरूम टाकून ती उंच करू. झाड ऱ्हाऊ द्या."

पंडितराव म्हणाले, जुन्या वळणात तर तुमच्याच घरची वांगी आहेत. सगळ्यांनी नर्मदाबाईकडं बघितलं. चंद्रभाननं घरी अवाक्षर काढलं नव्हतं.

नर्मदाबाई वाफ्यात गेली. फुलावर आलेलं एक रोप तिनं मुळासकट उपटलं आणि बांधावर ठेवलं.

"काल सांगितलं असतं," ती नवऱ्याला म्हणाली, "तर पाणी तरी दिलं नसतं ह्यास्नी."